पेढीची मूठ

आत्याबाईंचा आवाज मी आधी ऐकला, आत्याबाई नंतर पाहिल्या. मला बघायला पाहुणे येणार म्हणून आंधळगावच्या आमच्या घरी सकाळपासून धांदल होती. मी आतल्या खोलीत निऱ्या सावरत उभी होते आणि रस्त्यावरून कोणी बाई ओरडली, "अरे गाडी सावलीत लाव बाप्पा! मांगं वांगे हायेत, उन्हानं मरतीन!" मुलाचं लग्न जुळवायला निघालेली बाई वाटेत एका शेतकऱ्याची वांगी उचलून आली होती. माझी आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "कसं होईन व तुझं या घरी?"

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. तुमसरच्या भाजीबाजारात त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. भाजी विकणाऱ्या बाया बाजारात पुष्कळ होत्या, हर्रास बोलणारी बाई ही एकच. उजाडता उजाडता शेतकऱ्यांचा माल अडत्याच्या दुकानापुढे उतरतो, भोवती चिल्लर विकणारे गोळा होतात, आणि अडत्या ओरडून ओरडून ढिगाचा भाव चढवत नेतो. तो हर्रास. सासरे अचानक गेले तेव्हा माझा नवरा शाळेत होता. दुकान विकून टाका, असं सगळ्या नातेवाइकांनी सांगितलं. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी आत्याबाई पदर खोचून सासऱ्यांच्या जागी, काट्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"लोक हसले," त्या सांगायच्या. "पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशी हसले. मंग माल त घ्याच लागला ना! हसून पोट भरते का कोनाचं?"

पुढे बाजारातल्या अडत्यांनी त्यांना आपल्या संघटनेचं अध्यक्ष केलं. आत्याबाईंना त्याचं फार अप्रूप नव्हतं. भांडणात सगळ्यांच्या वर ऐकू जाईल असा गळा एकटीचाच आहे म्हणून निवडलं, असं त्या म्हणत. पण शेतकऱ्याचा माल मोजताना कोणी काट्याला पाय लावला, तर बाजाराच्या दुसऱ्या टोकाहून त्यांची हाक यायची आणि तो पाय मागे जायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

घरातही त्यांना हळू बोलणं जमत नसे. माझ्या हातून दूध उतू गेलं की शेजारच्या दोन घरांना कळायचं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी बरेचदा न्हाणीत जाऊन रडले. मग हळूहळू कळलं की त्या रागावतात त्याच आवाजात माझ्या माहेरी निरोप देतात, त्याच आवाजात मला ताप आला तर डॉक्टरशी भांडतात, आणि त्याच आवाजात जेवायला वाढताना "अजून घे, लाजून काहून राहिली?" म्हणतात. त्यांच्याकडे आवाज एकच होता. सगळ्या गोष्टी त्यातूनच बाहेर यायच्या.

पेढीचं काम त्यांनी कसं हाती घेतलं ते सांगते. सरकारी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक टिनाची शेड आहे. तिथे गावातल्या काही बाया रोज दुपारी रोग्यांच्या नातेवाइकांना जेवू घालतात आणि ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांना धान्यही देतात. एक निवृत्त नर्सताई सगळं पाहतात. लोक धान्य आणून ठेवतात आणि गरजू ते घेऊन जातात, म्हणून तिचं नाव अन्नपेढी पडलं. तुमसर हे तांदळाच्या गिरण्यांचं गाव. तांदूळ भरपूर यायचा, डाळही कोणी कोणी द्यायचं. भाजी मात्र कोणी देत नसे.

एका हिवाळ्यात पत्ताकोबीचा इतका माल आला की हर्रासात बोली लावायला माणूस उभा राहीना. करडीकडच्या एका शेतकऱ्याने संतापून आपली सगळी कोबी रस्त्यावर ओतली आणि बैलबंडी वळवून निघून गेला. थोड्या वेळाने एक बाई आली आणि चिखलातली पानं वेचू लागली. तिच्या हातात दवाखान्याच्या कागदांची पिशवी होती. आत्याबाईंनी तिला हटकलं.

"काहून वेचून राहिली व ते घाणीतलं?"

"पोरगी भरती हाये जी," ती म्हणाली. "पेढीवर भात-वरन भेटते, पन तिच्या तोंडाले चव नाही. म्हनते, माय, जरासी भाजी दे."

आत्याबाईंनी दुकानातली दोन वांगी, टमाटे आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी तिच्या पदरात टाकली. दुकान बंद झाल्यावर त्या पेढीवर जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी शेवटचा ढीग उठला आणि चिल्लरवाले पांगायच्या आत त्यांनी हात वर करून हाक मारली, "पेढीची मूठ!"

कोणाला काही समजलं नाही. मग त्यांनी आपल्याच दुकानातली निवडक वांगी मुठीत घेऊन एका रिकाम्या कॅरेटमध्ये टाकली आणि शेजारच्या अडत्याकडे पाहत उभ्या राहिल्या. त्याने टाकली. मग त्याच्या शेजारच्याने. त्या दिवसापासून हर्रास संपला की ती हाक ठरलेली. प्रत्येक दुकानातून मूठभर भाजी, कोहळं असेल तर एक अख्खं. कोणी सडकं टाकलं तर त्या ते उचलून त्याच्याच गादीवर ठेवायच्या. "देवाले सडकं चढवतं का रे? मंग जित्या मानसाले कसा देतं?" सगळा बाजार हसायचा आणि तो माणूस खाली मान घालून चांगलं आणून टाकायचा.

कॅरेट भरले की मी ऑटोत बसून ते पेढीवर पोचवायचे. ते काम आत्याबाईंनी माझ्याकडे दिलं होतं. आलू-वांग्याला फोडणी बसली की त्या गल्लीतून जाणारा माणूसही थबकायचा. नर्सताई म्हणायच्या, "तुझ्या सासूमुळे लोक आता ताट चाटून जातात." मी घरी येऊन ते सांगितलं, तर आत्याबाई मला वेडावून दाखवायच्या, पण त्या दिवशी त्यांचं जेवण जरा जास्त जायचं.

मग त्यांचा गळा बसला.

हर्रास बोलणाऱ्याचा गळा बसणं यात नवीन काही नव्हतं. हळद-दूध झालं, मुलेठी झाली. आवाज घोगरा होत गेला. तंबाखू त्या तरुणपणापासून खायच्या, ती सोडा म्हणून आम्ही मागे लागलो, तर म्हणाल्या, "आता या वयात काय सोडू?" पुढे पाणी पिताना ठसका लागायला लागला तेव्हा नवऱ्याने जबरदस्तीने नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि आम्हाला तिघांनाही समोर बसवून सांगितलं. गळ्यातलं आवाजाचं यंत्र काढावं लागेल. श्वासासाठी मानेला छिद्र राहील. जीव वाचायची आशा चांगली आहे, आवाज राहणार नाही.

आत्याबाईंनी विचारलं, "हळू बोलता येईन का?"

"नाही."

"अगदीच हळू? कानात बोलल्यासारखं?"

डॉक्टर मान हलवून नाही म्हणाले. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच मी आत्याबाईंना हळू आवाजात काही मागताना पाहत होते.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत त्या रोज बाजारात गेल्या. फाटलेल्या आवाजात हर्रास बोलल्या. दोन शब्द झाले की थांबत, पाणी पीत, पुन्हा बोलत. लोक थांबून राहत. एरवी एकमेकांच्या अंगावर चढणारे चिल्लरवाले त्या दिवसांत गप्प उभे असत. माझ्या नवऱ्याने मोबाईल काढला, म्हणाला, "आई, जरा बोल ना काही, भरून ठेवतो." त्या चिडल्या. "मी काय मरून राहिली का? ठेव तो डब्बा!" त्याने ठेवला. त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेही नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या खाटेजवळ बसलो होतो. त्या काहीतरी बोलतील, आम्हाला काहीतरी सांगतील, असं मला सारखं वाटत होतं. त्यांनी नवऱ्याला फोन लावायला सांगितला आणि दुकानातल्या माणसाला विचारलं, "पेढीचे कॅरेट गेले का? कोहळं टाकलं का?" मग माझ्याकडे पाठ करून बसल्या. "वेनी घाल. घट्ट घाल, ढिली नको." मी वेणी घातली. एक पेड सुटला. "एवढीबी वेनी येत नाही व तुले," त्या म्हणाल्या. तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

तेच शेवटचं.

शुद्धीवर आल्या तेव्हा मानेला पट्ट्या होत्या, नाकात जेवणाची नळी होती. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले आणि मानेतून नुसती हवा आली. फुग्यातून सुटते तशी. त्यांनी पुन्हा ओठ हलवले. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली नाही, एवढंच मला करता आलं.

त्यांना अंक येत होते, सही येत होती. अक्षरं जोडून लिहिणं कधी शिकल्याच नव्हत्या, कधी गरजही पडली नव्हती. बाकीचे रोगी पाटीवर लिहून आपल्या माणसांशी बोलत. आत्याबाई पाटी मांडीवर घेऊन बसत, खडू हातात धरत आणि ठेवून देत. एकदा त्यांना फार काही सांगायचं होतं. मी पाणी म्हटलं, उशी म्हटलं, दुखतं का म्हटलं, मुलाला बोलवू का म्हटलं. प्रत्येक वेळी त्यांनी मान हलवली. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना काय हवं होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं. शेजारच्या खाटेवरचे एक आजोबा ते वापरत. त्यातून शब्द यायचे, पण सगळे एका सुरात, चक्की चालू असल्यासारखे. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि खोका बंद करून परत दिला. नवऱ्याने किती समजावलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी मी बाजारातला ताजा सांभार त्यांच्यापुढे निवडायला ठेवला. त्यांनी जुडी नाकाशी नेली, पुन्हा नेली, आणि माझ्यापुढे धरली. वास येतो का, असं विचारत होत्या. श्वास आता नाकातून जात नव्हता. डॉक्टरांनी हे सांगितलं असणार, आम्ही ऐकलं नसेल. मी म्हटलं, "येते ना, आत्याबाई." त्यांनी जुडी खाली ठेवली आणि त्यांचे खांदे हलू लागले. रडायलाही आवाज लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात असते तर मला कळलंही नसतं की त्या रडताहेत. तेव्हापासून मी घरात त्यांच्याकडे पाठ करून काम करत नाही.

गळ्याला किरणांनी शेकणं संपलं, अंगात थोडा जीव आला, तेव्हा त्यांनी खुणेने मुलाला सांगितलं की आता बस. दुकान तू सांभाळ. अध्यक्ष दुसरा नेमा. संघटनेने सत्कार ठेवला. मंगल कार्यालयात सगळे अडते, चिल्लरवाले, हमाल, करडी-आंधळगावकडचे शेतकरी आले. आत्याबाईंनी मानेभोवती पांढरा रुमाल बांधला होता. शाल, नारळ झालं. भाषणं झाली. बाईंसारखा आवाज पुन्हा होणे नाही, असं प्रत्येकाने म्हटलं. शेवटी सूत्रसंचालन करणाऱ्याने हातातला कागद पाहून, नेहमीच्या सवयीने म्हटलं, "आता बाईंनी दोन शब्द बोलावेत." आणि माईक त्यांच्या हातात दिला.

त्या माणसाला आपण काय केलं ते कळलं आणि त्याचा चेहरा उतरला. आत्याबाई माईक धरून उभ्या होत्या. त्यांचा श्वास माईकमध्ये गेला आणि भोंग्यांतून सगळीकडे ऐकू आला. घर्र, घर्र. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या हमालाने टॉवेल तोंडावर घेतला.

मी कधी चार माणसांपुढे बोललेली नव्हते. पण उठून गेले आणि त्यांच्या हातातून माईक घेतला. "आत्याबाईंचं एकच सांगणं असते," मी म्हटलं. "पेढीची मूठ बंद करू नका." टाळ्या खूप पडल्या. नवे अध्यक्ष उठून म्हणाले, "बाई, जिवात जीव आहे तोवर चालू राहील." आत्याबाईंनी त्यांना हात जोडले.

ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्या क्षणी त्यांना तसंच वाटलं असेल. पण रोज हर्रास संपल्यावर थांबून हाक मारायला कोणी नव्हतं. माझा नवरा हळू बोलणारा माणूस. तो कॅरेट घेऊन दुकानोदुकानी फिरायचा. लोक म्हणत, "घे ना भाऊ, घे, तिथून काढून घे." तो मऊ माणूस, उरलंसुरलं घ्यायचा. आधी कॅरेट कमी झाले. मग त्यात कालचा माल दिसू लागला, मग परवाचा. नर्सताई वरून चांगलं निवडून घ्यायच्या आणि मला काही बोलायच्या नाहीत. आमच्या दुकानातलं आम्ही जास्त टाकायचो, पण एका दुकानाने किती पुरणार? पेढीवर काही दिवस नुसता वरण-भात होऊ लागला. घरी आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं.

आत्याबाईंना कळलंच. एकदा त्यांना भेटायला पेढीवरची एक बाई आली होती. बोलता बोलता ती म्हणून गेली, "तुमी होत्या तवा मजा होती बाई, आता त आठवड्यातून दोनदाच भाजी." दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पदर खोचून दारात उभ्या होत्या. मीही चपला घातल्या.

बाजारात त्यांना पाहून जुन्यांनी नमस्कार केला, जागा करून दिली. त्या काट्याशेजारी उभ्या राहिल्या. हर्रास सुरू झाला. आमच्या दुकानात आता एक नवीन माणूस बोली बोलतो, भरभर बोलतो. शेवटचा ढीग उठला. चिल्लरवाले आपापली चुंगडी-पोती उचलू लागले, गाड्या सुरू झाल्या. तेव्हा आत्याबाईंनी हात वर केला, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

त्या विसरल्या होत्या. एवढ्या वर्षांची सवय, अंगाने तीच पुढे केली. तोंड उघडं, हात वर, मानेच्या शिरा ताठ, आणि काही नाही. रुमाल तेवढा फुगला. गाड्या चालल्याच होत्या. कोणी वळून पाहिलं नाही, कारण वळावं असं काही ऐकूच आलं नव्हतं. जे समोरच उभे होते त्यांनी दुसरीकडे पाहायला सुरुवात केली.

मी ओरडले, "पेढीची मूठ!" माझा आवाज ऑटोच्या आवाजात बुडून गेला. पुन्हा ओरडले. शेजारचा अडत्या धावत आला, त्याने घाईघाईने चांगली वांगी आणून टाकली, अजून दोघा-तिघांनी टाकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण बाजार तोवर रिकामा झाला होता. आत्याबाईंनी हात खाली घेतला. तो कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी कॅरेटचा एक कान धरला आणि मला दुसरा धरायची खूण केली.

त्यानंतर त्या बाजारात गेल्या नाहीत. दुकानावरून जायची वेळ आली तर दुसऱ्या रस्त्याने चला असं दाखवतात. अधूनमधून कोणी अडत्या लाजून एखादं कॅरेट पाठवतो, सणावाराला बरंच येतं. रोजचं काही राहिलं नाही. मी दोनदा नव्या अध्यक्षांकडे जाऊन आले. ते चांगले बोलले, चहा पाजला.

आत्याबाई आता माझ्याबरोबर पेढीवर येतात. जे असेल ते चिरून देतात, नसेल त्या दिवशी तांदूळ निवडतात, पंगतीत वाढतात. मागच्या महिन्यात करडीकडची एक म्हातारी जेवायला बसली होती. तिचा मुलगा दवाखान्यात होता. तिने आत्याबाईंना हाक मारली, "ओ बाई, मिरची असन त द्या जरासी." आत्याबाईंनी मान हलवली, मिरची संपली होती. म्हातारीला ते कळलं नाही. तिने पुन्हा मागितली. आत्याबाईंनी हाताने नाही म्हटलं. म्हातारी शेजारणीला म्हणाली, "पाह्य व कशी हाये. दोन शब्द बोलाले काय जाते इचं? फुकटचं देतात म्हनून एवढा तोरा!"

मी पातेलं ठेवून पुढे झाले. मला तिला सगळं सांगायचं होतं. आत्याबाईंनी माझा दंड धरला. घट्ट धरला. मी थांबले. त्या म्हातारीपुढे वाकल्या, तिच्या ताटात अजून भात वाढला, त्यावर वरण घातलं आणि बादली घेऊन पुढच्या माणसाकडे गेल्या.

परत येताना ऑटोत त्या बाहेर पाहत बसल्या होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही.